काखेचा धडा

अठ्ठावीस वर्षं मी पंचवटीतल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवलं. त्यात लसिका संस्थेच्या वाट्याला जेमतेम अर्धी तासिका यायची. हृदयाची आकृती रंगीत खडूंनी काढून झाली, झडपांची नावं घोकून झाली, की घंटेकडे कान ठेवून 'याशिवाय शरीरात लसिका नावाचा एक फिकट द्रव असतो' एवढं सांगायचं. परीक्षेत दोन गुण. पोरं तो प्रश्न ऑप्शनला टाकायची आणि मलाही त्याचं काही वाटायचं नाही. २०१९ मध्ये माझ्या डाव्या स्तनात कॅन्सर निघाला, तेव्हा ते दोन गुण व्याजासकट भरावे लागले.

"बाई, स्तनाचं ऑपरेशन तसं सरळ आहे. जपून काम करायचं ते काखेत," सर्जन म्हणाले. (ते काही माझे विद्यार्थी नव्हेत, पण एकदा शिक्षिका म्हटलं की सगळं गाव बाईच म्हणतं.) त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीवर काखेचं चित्र काढून दाखवलं. तो कागद अजून माझ्या फाईलीत आहे. आता इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत, नात्यागोत्यात, सुनेच्या ऑफिसात कुणाचं हे ऑपरेशन ठरलं की मंडळी फाईल घेऊन माझ्या जेवणाच्या टेबलाशी येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. केमो, रेडिएशन, गोळ्या हे निर्णय तुमच्या डॉक्टरांचे. पण काखेत काय असतं, त्यातलं काय काढलं आणि काय ठेवलं एवढं समजलं, की नंतरच्या निम्म्या तक्रारींचा अर्थ आपला आपल्याला लागतो.

गाठ म्हणजे कुठली गाठ?

मराठीत पहिला घोळ इथेच होतो. स्तनात हाताला लागते तीही गाठ आणि काखेत असतात त्याही गाठीच. 'काखेत गाठी असतात' हे ऐकून आमच्या मजल्यावरच्या काकूंनी दोन दिवस जेवण टाकलं होतं. अहो, काखेत गाठी सगळ्यांनाच असतात. तुम्हाला, मला, काल जन्मलेल्या बाळालासुद्धा. पायाला ठेच लागून पिकली की जांघेत अवधाण येतं ना? म्हणजे तिथली गाठ जंतूंशी झुंजायला बसलेली असते. हाताच्या जखमेचं अवधाण काखेत येतं. (काखमांजरी वेगळी. ते गळू, त्याचा इथे संबंध नाही.) तेव्हा कॅन्सरच्या गाठीला गाठ म्हणू आणि काखेतल्या या जन्मजात गाठींना डॉक्टर म्हणतात तसं 'नोड' म्हणू, म्हणजे पुढे गोंधळ नको.

रक्तवाहिन्यांतून पाझरलेलं जे पाणी परत रक्तवाहिन्यांत शिरत नाही, ते गोळा करून रक्तात नेऊन सोडायचं हे लसिकेचं काम. दिवसाला दोन-तीन लिटर पाणी या वाटेने जातं. वाटेत नोड गाळणीसारखे बसलेले. स्तनातली पाऊण हिश्श्याहून जास्त लसिका काखेकडे जाते, थोडी छातीच्या मधल्या हाडालगतच्या नोडकडे. म्हणून स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी सुटल्या तर त्या बहुतेकदा आधी काखेत सापडतात.

आता खरी मेख. हाताची लसिकाही त्याच काखेत येते. एकाच आडावर दोन वाड्यांचं पाणी. स्तनासाठी काखेतले नोड काढले की हाताचीही वाट अडते. हाताची सूज, सुया, बांगड्या, जखमा यांबद्दल जे जे सांगितलं जातं ते सगळं या एका गोष्टीतून निघतं.

स्वतःच्या काखेत बोटं घालून बघा

वर्गात हे करून घेता आलं नसतं, इथे लाजायचं कारण नाही. डावा हात टेबलावर सैल ठेवा आणि उजव्या हाताची बोटं डाव्या काखेत वरपर्यंत न्या. आता डावा तळवा कमरेवर दाबा. पुढची कड टणक झाली? तो छातीचा मोठा स्नायू, पेक्टोरॅलिस मेजर. त्याच्या मागे पेक्टोरॅलिस मायनर नावाचा छोटा स्नायू लपलेला असतो. तो बोटांना लागत नाही, पण आजच्या धड्याचा नायक तोच, त्याला विसरू नका. मागची जाड कड म्हणजे लॅटिसिमस, पाठीवरून येणारा रुंद स्नायू. आतल्या बाजूला बरगड्या, त्यांवर करवतीच्या दात्यांसारखा चिकटलेला सेरेटस. बाहेरच्या बाजूला दंडाचं हाड. त्या हाडावर बोट हलकेच दाबलंत तर नाडी लागेल. ती हाताला रक्त देणारी धमनी. तिच्याशेजारून मोठी शीर जाते, ॲक्झिलरी व्हेन, आणि त्यांना वेढून मानेतून हातात उतरणाऱ्या नसांचा (म्हणजे नर्व्हचा, रक्तवाहिन्यांचा नव्हे) जुडगा.

काख म्हणजे एक पिरॅमिड. तळ म्हणजे केसांची कातडी आणि टोक गळ्याच्या हाडाखाली. आत पिवळी मऊ चरबी भरलेली, त्या चरबीत साधारण वीस ते तीस नोड. कुणात कमी, कुणात जास्त. निरोगी नोड बहुधा बोटांना लागतच नाहीत. लागलाच तर वाटाण्याएवढा, मऊ, बोटाखालून निसटणारा. टणक, घट्ट चिकटलेला, वाढत जाणारा लागला तर दाखवायचं. आपल्याकडे काखेतली वाढलेली गाठ टीबीचीही असू शकते, तेव्हा तपासणीशिवाय कुणीही, म्हणजे मीसुद्धा, निदान करायचं नाही.

पुलाच्या अलीकडे, पुलाखाली, पुलापलीकडे

रिपोर्टमध्ये 'लेव्हल एक, दोन, तीन' असं लिहिलेलं असतं. बायकांना वाटतं ही कॅन्सरची पायरी. तसं नाही, तो पत्ता आहे.

आपल्या नाशिकच्या होळकर पुलावर उभ्या आहात असं समजा. गंगा, म्हणजे आमची गोदावरी, गंगापूरकडून येते, पुलाखालून जाते आणि पुढे रामकुंडाकडे. तो छोटा स्नायू, पेक्टोरॅलिस मायनर, हा पूल. लसिका हाताकडून आणि स्तनाकडून येते, स्नायूखालून जाते आणि गळ्याच्या हाडाकडे निघते. पुलाच्या अलीकडचे नोड लेव्हल एक, बरोबर पुलाखालचे लेव्हल दोन, पलीकडचे, पार टोकाशी असलेले लेव्हल तीन. सगळ्यात जास्त नोड अलीकडे, पलीकडे मोजके. कॅन्सर बहुधा याच क्रमाने सरकतो, पूल ओलांडून एकदम रामकुंडावर उगवत नाही. दोन स्नायूंच्या मधल्या फटीतही काही नोड असतात, रॉटरचे नोड म्हणतात त्यांना. ते लेव्हल दोनमध्येच धरतात.

'काख साफ केली' म्हणजे आजकाल बहुतेकदा लेव्हल एक आणि दोनची चरबी नोडसकट काढली. लेव्हल तीनला तिथे रोग स्पष्ट दिसला तरच हात लावतात. पूर्वी असं नव्हतं. १८९४ मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम हालस्टेड यांनी जे ऑपरेशन मांडलं त्यात स्तन, छातीचे दोन्ही स्नायू आणि अख्खी काख एकत्र काढत. माझ्या आजीच्या एका मैत्रिणीची छाती मी लहानपणी पाहिली होती, कातडीखाली थेट बरगड्या. १९४८ मध्ये लंडनच्या डेव्हिड पेटी यांनी मोठा स्नायू ठेवून, फक्त मायनर काढून काम भागतं हे दाखवलं. पुढे मायनरही ठेवायला लागले. पुलाखालचं साफ करायला पूल पाडावा लागत नाही, नुसता बाजूला ओढून धरला तरी चालतो.

ऑपरेशनच्या आधी काय विचारायचं

पहिला प्रश्न: काखेची सोनोग्राफी झाली का आणि नोडमध्ये सुई घालून तपासलं का? सोनोग्राफीत नोडची साल जाडावलेली दिसली किंवा मधला चरबीचा पांढरा गाभा नाहीसा झालेला दिसला तर संशय येतो. मग सुईने पेशी किंवा तुकडा घेतात.

दुसरा: सेंटिनल करणार की थेट सफाई? काखेत रोग दिसत नसेल तर सगळे नोड काढायची गरज नाही. लसिका ज्या नोडमध्ये आधी पोचते तो सेंटिनल, म्हणजे पहारेकरी नोड, तोच शोधून तपासायचा. स्तनात निळा रंग किंवा टेक्निशियमचं किरणोत्सारी औषध टोचतात, काही ठिकाणी दोन्ही. रंग लसिकेच्या वाटेने काखेत जातो, सर्जनला निळी रेघ दिसते आणि तिच्या टोकाशी निळा नोड. औषध असेल तर पेनासारखं यंत्र काखेवर फिरवतात आणि ते नोडजवळ जोरात वाजतं. असे एक ते तीन नोड निघतात. स्तनासाठी ही पद्धत १९९० च्या दशकात रुळायला लागली. जिथे किरणोत्सारी औषध मिळत नाही तिथे परवडेल अशी एक पद्धत मुंबईच्या टाटा मेमोरियलने तपासून पाहिली आहे: काखेत आडवी जाणारी एक ठरावीक नस शोधायची आणि तिच्या खालची चरबी नोडसकट काढायची. ती नस पुढे भेटेलच.

निळ्या रंगाबद्दल एक सांगून ठेवते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी हिरवी झाली. हिरवी म्हणजे पिस्त्याच्या बर्फीसारखी. मी सिस्टरला हाका मारून वॉर्ड जागा केला. "आजी, तो रंग आहे, जाईल एक-दोन दिवसांत," ती म्हणाली आणि निघून गेली. फाईलमध्ये चार पानं सह्या घेतल्या होत्या, त्यात ही एक ओळ मावली असती.

तिसरा प्रश्न: सेंटिनलमध्ये रोग निघाला तर काय? पूर्वी उत्तर एकच होतं, सगळं साफ. २०११ मध्ये एका मोठ्या अमेरिकन अभ्यासाचे निष्कर्ष आले. स्तन वाचवून ऑपरेशन केलेलं, नंतर स्तनाला रेडिएशन दिलेलं आणि एक किंवा दोनच सेंटिनलमध्ये रोग, अशा बायकांत पुढची सफाई न करताही आयुष्य तेवढंच राहिलं. दहा वर्षांच्या पाठपुराव्यातही तेच दिसलं. हे सगळ्यांना लागू नाही. माझा स्तन पूर्ण काढायचा होता आणि ऑपरेशन चालू असताना नोड गोठवून तपासले तेव्हा दोनपैकी एकात रोग निघाला, म्हणून माझी काख साफ झाली. मग तुम्हाला काय लागू होतं? हे विचारायलाच तर जायचं आहे. केमो आधी देणार असतील तर रोग असलेल्या नोडमध्ये खुणेची क्लिप घालणार का, हेही विचारून घ्या.

तीन नसा

काखेत बोटं घालून रोग काढणं हे सर्जनचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे तीन नसा आणि एक शीर सांभाळणं. ती मोठी शीर हे सर्जनचं छत. सफाई तिच्या खाली करायची, वर जायचं नाही, कारण हाताच्या वरच्या बाजूची लसिका तिकडून जाते आणि तिथे खरवडलं की सूज ठरलेली.

पहिली नस लाँग थोरॅसिक. बरगड्यांना चिकटून सरळ खाली उतरते आणि सेरेटसला चालवते. ती दुखावली की पाठीचा फरा कोंबडीच्या पंखासारखा मागे उघडा पडतो. घरी तपासायचं असेल तर जखम भरल्यावर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा, दोन्ही तळव्यांनी भिंत ढकला आणि मागून कुणाला तरी बघायला सांगा. माझ्या नातवाने बघितलं आणि म्हणाला, "आजी, पंख नाहीत." फरा बाहेर आला तर घाबरू नका, पण सांगा जरूर. नस नुसती ताणली गेली असेल तर काही महिन्यांत सुधारते.

दुसरी थोरॅकोडॉर्सल, लॅटिसिमसला जाणारी. विहिरीतून दोराने पाणी ओढताना हा स्नायू कामाला येतो. ती गेली तरी रोजच्या व्यवहारात बहुतेकींना कळतही नाही.

तिसरी मात्र तुम्हाला भेटणारच. इंटरकोस्टोब्रेकियल, दुसऱ्या बरगडीखालून निघून काखेतल्या चरबीच्या मधोमध आडवी जाणारी. तीच, टाटाच्या पद्धतीतली खूण. हिचं काम हालचालीचं नाही, स्पर्शाचं. दंडाच्या आतल्या बाजूची आणि काखेची कातडी हिच्या ताब्यात. ती चरबीतूनच जाते, त्यामुळे सफाईत बरेचदा कापावी लागते किंवा ताणली जाते. मग दंडाची आतली बाजू बधिर होते. ब्लाऊजची बाही घासते ते कळत नाही, उलट अधूनमधून मुंग्या येतात, कधी कापूर लावल्यासारखी जळजळ. मला पहिल्या महिन्यात वाटायचं की हा हात माझा नाही, शेजारणीचा कुणीतरी आणून लावलाय. हा बिघाड नाही, ती या ऑपरेशनची किंमत आहे. काहींचा बधिरपणा वर्षभरात आकसतो, काहींचा कायम राहतो.

बधिर कातडीला चटका कळत नाही, एवढं मात्र पक्कं ध्यानात ठेवा. नाशिकच्या जानेवारीत गरम पाण्याची पिशवी काखेत धरून झोपायची सवय असेल तर ती त्या बाजूला बंद. काखेतले केस ब्लेडने नाही, ट्रिमरने काढा.

सर्जनना सरळ विचारा, "यातल्या कुठल्या नसा वाचल्या?" ऑपरेशनच्या टिपणात ते लिहिलेलं असतं. माझ्या सर्जननी एक मिनिटात सांगितलं: दोन वाचल्या, तिसरी कापली.

रिपोर्टमधला अपूर्णांक

आठ-दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो. नुसता वरचा आकडा बघून रडायला बसू नका, खालचाही बघा. माझ्या रिपोर्टमध्ये होतं ३/१६. सोळा नोड तपासले, तिघांत रोग. बायका विचारतात, माझे सोळाच का, तिचे बावीस का? चरबीचा तो गोळा पॅथॉलॉजीच्या टेबलावर जातो. तिथे तो पातळ कापत, बोटांनी चुरून एकेक नोड वेचतात. काही वाटाण्याएवढे, काही मोहरीएवढे. तांदूळ निवडण्यासारखंच काम. त्यामुळे संख्या माणसागणिक बदलते आणि वेचणाऱ्या हातागणिकही. पूर्ण सफाईनंतर दहापेक्षा कमी नोड लिहिले असतील तर विचारायला हरकत नाही. केमो आधी झाली असेल तर मात्र नोड आकसलेले असतात, संख्या कमी येणं साहजिक.

नोडवरून रोगाची पायरी लिहितात ती 'एन' या अक्षराने: रोग असलेले नोड एक ते तीन असले तर एन वन, चार ते नऊ असले तर एन टू, दहा किंवा जास्त असले तर एन थ्री. ही मोटामोटी ओळख, दुसऱ्या गोष्टींनीही ती बदलते. आणखी दोन शब्द शोधा. 'मायक्रोमेटास्टेसिस' म्हणजे नोडमधला ठिपका ०.२ मिलिमीटरपेक्षा मोठा, पण २ मिलिमीटरच्या आतला. 'एक्स्ट्राकॅप्सुलर एक्स्टेन्शन' म्हणजे रोग नोडचं साल फोडून बाहेरच्या चरबीत आलाय. रेडिएशन कुठवर द्यायचं हे ठरवताना डॉक्टर याकडे बघतात.

डबा, पेन्सिल आणि तार

काख साफ झाली की तिथे पोकळी राहते आणि लसिका पाझरत राहते. म्हणून नळी आणि तिला जोडलेला प्लास्टिकचा डबा. डबा दाबलेला असला पाहिजे, चेपलेल्या भात्यासारखा. फुगून सरळ झाला म्हणजे ओढ संपली. रिकामा करून पुन्हा दाबायचा, रिकामा करण्याआधी मोजायचं. रोज एकाच वेळी मोजा. आमच्याकडे सकाळी सात ठरली होती. नातू गणिताच्या वहीत मागच्या पानावर लिहायचा: १४०, ११०, ११५, ८०. रंग आधी कोकम सरबताचा, नंतर लिंबू सरबताचा होत गेला. चोवीस तासांत साधारण तीस मिलिलिटरच्या खाली आलं की नळी काढायचा विचार करतात, पण प्रत्येक सर्जनचा आकडा थोडा वेगळा. माझी अकराव्या दिवशी निघाली. एखाद्या दिवशी आकडा एकदम शून्य झाला आणि काख फुगली तर आनंद मानू नका, नळी तुंबली असेल. फोन करा. नळी काढल्यावरही पाणी साठू शकतं, ते डॉक्टर सुईने काढतात.

डब्यासाठी सुनेने जुन्या ब्लाऊजपिसाची गळ्यात अडकवायची झोळी शिवून दिली. हिरवी, लाल काठाची. दवाखान्यात सगळ्यांनी विचारली.

हाताचा व्यायाम पहिल्याच दिवशी सुरू: मूठ उघडमीट, कोपर दुमडणं. नळी असेपर्यंत हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. नळी निघाली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की भिंतीशी उभं राहून बोटं कोळ्यासारखी वर चालवायची. कळ लागेपर्यंत नाही, ताण लागेपर्यंत. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर नातवाच्या उंचीच्या खुणा आहेत, त्यांच्याच शेजारी मी माझ्या बोटांच्या पेन्सिलीने केल्या, तारखेसह. पहिली खूण त्याच्या तिसऱ्या वाढदिवसाच्या खुणेपेक्षा थोडीशीच वर होती. आळस करू नका, कारण रेडिएशनच्या टेबलावर हात डोक्यावर धरून निजावं लागतं आणि हात तिथवर पोचत नसेल तर तारीख लांबू शकते.

तिसऱ्या आठवड्यात फळीवरचा चिवड्याचा डबा काढायला हात वर केला आणि काखेत काहीतरी ताणलं. आरशासमोर हात उचलून पाहिलं तर काखेतून कोपराकडे कातडीखाली एकतारीची तार ओढलेली. दाबलं तर तशीच ताठ. मला वाटलं, संपलं, हातात उतरला रोग. डिस्चार्जच्या कागदांत यावर एक अक्षर नव्हतं. रात्रभर झोप नाही. सकाळी सुनेने नाशिकरोडच्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंना गाठलं. त्या हसल्या, म्हणाल्या, "काकू, ही कॉर्ड. पुष्कळ जणींना येते." नोड काढल्यावर तिथवर येणाऱ्या लसिकेच्या वाहिन्या आतून सुकून दोरीसारख्या होतात, असं मानतात. रोगाशी संबंध नाही. हलका ताण देत, कातडी सावकाश ओढत काही आठवड्यांत ती सैल होते. माझी अडीच महिन्यांत गेली. हात दुखतो म्हणून हलवायचाच थांबवणं, ही यातली सगळ्यात मोठी चूक.

सूज

अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर पूर्ण सफाईनंतर साधारण पाचांत एकीच्या हाताला कायमची सूज येते, फक्त सेंटिनल झालं असेल तर वीसांत एकीला. बहुतेकींना पहिल्या दोन-तीन वर्षांत, पण दहा वर्षांनीही येऊ शकते. काखेवर रेडिएशन आणि जास्तीचं वजन यांनी धोका वाढतो.

माझी चुलत जाऊ निफाडची. घरची द्राक्षबाग, बावीस नोड काढलेले. डिसेंबरात मणी विरळणीला बसली आणि कात्रीचं टोक अंगठ्याला लागलं. हळद दाबली आणि पुन्हा कामाला लागली. रात्री हुडहुडी भरून ताप, सकाळी कोपरापर्यंत हात लाल, तापलेला. हा जंतुसंसर्ग. ज्या हाताच्या चौक्या उठवल्यात तिथे जंतूंना अडवायला कोण आहे? अँटिबायोटिकने लाली गेली, सूज मात्र राहिली. आता ती दिवसा दाबाची बाही घालते आणि बागेत हातमोज्याशिवाय जात नाही. तेव्हा नियम एकच पाठ करा: त्या हाताला लाली, ऊब आणि ताप, तर त्याच दिवशी डॉक्टर. 'उद्या बघू' नाही. तव्याची वाफ, मांजराचं ओरखडणं, गुलाबाचा काटा, कशालाही साबणपाणी आणि मलम लगेच.

सुई आणि रक्तदाबाचा पट्टा दुसऱ्या हाताला, असं सगळे सांगतात. पट्ट्याने सूज येते असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. मी उजवा हात पुढे करते, पण जिवावरचा प्रसंग असेल तर कुठलाही हात द्यावा. आणि ओझं? 'आयुष्यभर दोन किलोच्या वर उचलू नका' हे जुनं झालं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात सूज असलेल्या बायकांनीही देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजनं उचलली आणि सूज वाढली नाही. भाजीची पिशवी उचला. एकदम गव्हाचं पोतं नको.

सूज डोळ्यांना दिसायच्या आधी टेपला कळते. शिंप्याची टेप घ्या. मनगट, मग मनगटापासून वर १०, २०, ३० सेंटिमीटरवर कातडीला पेनाचा ठिपका देऊन घेर मोजा. दोन्ही हात मोजायचे. उजव्या हाताने काम करणारीचा उजवा हात मुळातच थोडा जाड असतो, म्हणून पहिलं माप ऑपरेशनच्या आधीचं हवं. तेव्हापेक्षा फरक दोन सेंटिमीटरने वाढला किंवा हात जड वाटू लागला, बाही आवळली, बांगडी संध्याकाळी निघेना, तर महिनाभर वाट बघत बसू नका. सुरुवातीची सूज पट्ट्या, बाही आणि विशिष्ट मालिश यांनी पुष्कळ उतरते.

मी एक तारखेला मोजते, पेन्शन जमा होते त्या दिवशी, म्हणजे विसर पडत नाही. त्याच गणिताच्या वहीत, डब्याच्या आकड्यांच्या खाली. या महिन्याची डाव्या हाताची नोंद: मनगट १५.५, मग १९.५, २४, २७.५. उजवा प्रत्येक ठिकाणी अर्ध्या सेंटिमीटरने जास्त, पहिल्या पानावर होता तसाच.